आधी रस्ता ठरवा, सायकल नंतर

प्रश्न: मुलगा साडेचार वर्षांचा आहे, मुलगी दीड वर्षाची. बालवाडी घरापासून दोन किलोमीटरच्या आत, पाळणाघर वाटेतच. बाजार, वाचनालय, बाग, सगळं तेवढ्याच टापूत. तरी रोज गाडी काढावी लागते आणि निम्मा वेळ ती लावायला जागा शोधण्यात जातो. कॉलेजात असताना मी रोज सायकल चालवायचे. आता मुलांना घेऊन रोजची कामं सायकलवर करावीत असं फार मनात आहे. पण घरात विरोध आहे. सासूबाई म्हणतात, ‘पोरांचा जीव धोक्यात घालून कसली आलीय हौस! आणि तो धूर?’ नवरा म्हणतो, करायचंच असेल तर आधी मुलं-सामान वाहायची चांगली कार्गो सायकल घेऊ, मग बघू. मुलगा आवारात दोन चाकांवर छान चालवतो, त्याला आता माझ्याबरोबर रस्त्यावर यायचंय. सुरुवात कुठून करू? की हा नादच सोडून देऊ?
– दोन मुलांची आई

उत्तर:

नाद सोडू नका. पण सायकलचं दुकानही एवढ्यात गाठू नका. बालवाडी दोन किलोमीटरच्या आत आहे हे तुमच्या पत्रातून कळलं, मधले दोन किलोमीटर कसे आहेत ते मात्र कळलं नाही. मला सगळ्यात आधी तेच हवं होतं.

आपण गाडीने ज्या रस्त्याने जातो तोच सायकलचाही रस्ता, असं नकळत धरून चालतो. गाडीला मोठा रस्ता सोयीचा, कारण तिथे वेग मिळतो. मुलं घेऊन निघालेल्या सायकलला नेमकं उलटं लागतं. जिथे कुणालाच जोरात जाता येत नाही, असा रस्ता तुमचा. मागची गल्ली, शाळेच्या भिंतीलगतचा बोळ, बागेतून जाऊ देत असतील तर बाग. दोन किलोमीटरचे अडीच झाले तरी सायकलवर दोन-तीन मिनिटांचाच फरक पडतो, आणि तेवढा तर तुम्ही गाडी लावायच्या जागेसाठी घिरट्या घालण्यातच घालवत असाल.

हा रस्ता नकाशावर शोधू नका. मुलं घरी ठेवून, एकटीने, बालवाडीच्या वेळेलाच जाऊन बघा. सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळेच रस्ते गुणी वाटतात. मोठा रस्ता किती ठिकाणी ओलांडावा लागतो, तिथे सिग्नल आहे का, वाहनांच्या आडवं वळावं लागतं असं वळण किती वेळा येतं, हे बघा. गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्याच दिशेने आहेत का, तेही बघा, कारण त्यात चाक अडकलं तर सायकल जागच्या जागी आडवी होते. चढ कुठे लागतो ते पाय सांगतीलच.

ज्या गल्लीत कडेला गाड्यांची रांग लागलेली असते, तिथे त्या रांगेला चिकटून जायचा मोह होतो. तो आवरा. मागून येणाऱ्याला वाट द्यावी म्हणून आपण कडेला सरकतो आणि नेमकं कुणीतरी आतून दार उघडतं. उघडलेलं दार आपल्यापर्यंत पोचणार नाही इतकं, म्हणजे निदान एक मीटर अंतर ठेवूनच चालवायचं. अरुंद गल्लीत याचा अर्थ जवळजवळ मधून चालवायचं असा होतो. मागून हॉर्न वाजेल. वाजू दे. जागा मिळाली की तुम्हीच वाट द्याल, त्याआधी नाही.

आणखी एका गोष्टीत मात्र मी अजिबात सवलत देणार नाही. सिग्नलला बस किंवा ट्रक उभा असेल तर त्याच्या आणि कडेच्या मधल्या फटीतून पुढे जायचं नाही. चालकाला तिथलं दिसत नाही. शिवाय लांब वाहन वळतं तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत कापत येतात. एकटी असताना तुम्ही त्यातून कदाचित निसटालही, पण मूल तुमच्या मागे बसलेलं असतं, सायकलमागे ओढायची मुलांची छोटी गाडी, म्हणजे ट्रेलर, असेल तर त्याहूनही मागे. तुम्ही सुटलात म्हणजे ते सुटलं असं होत नाही. बसच्या मागे थांबा, बस गेली की निघा.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका आणि आकडे तोंडावर मारून वादही जिंकू नका. त्यांना एवढंच विचारा, की भीती नेमकी कुठे वाटते? बहुतेक वेळा उत्तरात एखादा चौक येतो, एखादं वळण येतं, आणि ते ठिकाण खरंच वाईट असतं. मग तेवढ्या तुकड्यात खाली उतरायचं आणि सायकल हातात धरून, पादचाऱ्यासारखं रस्ता ओलांडायचा. यात कसलाही कमीपणा नाही. मी तर म्हणेन, पहिल्या दिवशी सासूबाईंनाच त्या चौकात उभं करा आणि तुम्ही कशा पार होता ते त्यांना बघू द्या.

त्यांची भीती मनाची नाही, हे सांगायला एक उदाहरण देते. आज सायकलवरून शाळेत जाणारी मुलं म्हटली की नेदरलँड्सचं नाव येतं. तिथे १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, आणि त्यात चारशेहून जास्त मुलं होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’ होतं, म्हणजे ‘मुलांच्या हत्या थांबवा’. घाबरू नका, असं त्या आयांना कुणी सांगून भागलं नाही. वर्षानुवर्षं मागे लागून रस्ते बदलून घ्यावे लागले. तुमच्या गावचा रस्ता सोमवारपर्यंत बदलणार नाही. पण असलेल्या रस्त्यांतून निवड करणं तुमच्या हातात आहे.

धुराचंही तेच. मोठ्या रस्त्यापासून एक-दोन गल्ल्या आत गेलं की हवेत फरक पडतो. गाड्यांच्या मागे सिग्नलला उभं राहणं सगळ्यात वाईट, त्यामुळे कमी सिग्नलची वाट निवडली की हाही प्रश्न बराचसा हलका होतो.

यजमानांचा मुद्दा चुकीचा नाही, फक्त क्रम चुकीचा आहे. कार्गो सायकल चांगलीच असते. डेन्मार्कमधल्या ख्रिश्चानियाची पुढे पेटी असलेली तीन चाकी १९८४ पासून बनते आहे, आणि डच लोकांची बाकफीट्स, म्हणजे पुढे पेटी असलेली लांबलचक सायकल, तर दोन-तीन मुलं आणि आठवड्याचा बाजार एकत्र वाहते. पण ही धुडं आहेत. रिकामी असतानाच त्यांचं वजन तीस-चाळीस किलोच्या घरात जातं. ती फाटकातून आत येईल का, पायऱ्या आहेत का, रात्री कुठे उभी राहील, पंक्चर झाली तर चाक कोण काढून देईल, हे आधी बघावं लागतं. तीन चाकांची सायकल उभी राहायला पक्की, पण वळताना ती दोन चाकांसारखी कलत नाही. वेगात वळलात तर आतल्या बाजूचं चाक उचललं जातं. सवय होईपर्यंत वळणावर चालण्याच्याच वेगाने जायचं. लांब कॅरिअरची सायकल चालवायला आपल्या नेहमीच्या सायकलसारखी वाटते, म्हणून मला ती जास्त आवडते. जपानमध्ये एका पालकाने दोन लहान मुलांना घेऊन सायकल चालवायला २००९ पासून परवानगी आहे, पण त्यासाठीच बनवलेली सायकल असेल तरच. त्या सायकलींची चाकं लहान असतात, म्हणजे मुलं जमिनीच्या जवळ बसतात आणि तोल सोपा जातो. मागे रुंद, दोन पायांचा स्टँड असतो. काहींमध्ये तर स्टँड लावला की हँडलही आपोआप अडकतं. दुकानात काही विचारायचंच असेल तर अशा गोष्टी विचारा.

पण सुरुवातीला यातलं काहीच नको. तुम्ही सुरुवात एका मुलाने करा, आणि ते मूल मुलगी. साधी, दणकट, दांडा खाली असलेली सायकल आणि मागे मुलांची सीट. मुलगी दीड वर्षाची आहे म्हणजे वयाने बसण्याजोगी आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर घेऊ नये, कारण हेल्मेटचं वजन आणि रस्त्याचे धक्के त्याच्या मानेला झेपत नाहीत. मागच्या सीटसाठी युरोपातल्या मानकात वजनाची मर्यादा २२ किलो आहे, पुढच्या सीटसाठी १५ किलो. पुढची सीट गोड दिसते, गप्पा मारता येतात, पण हँडल जड होतं आणि गुडघे फाकवून पेडल मारावं लागतं. साध्या सायकलवर एक पुढे, एक मागे असा संसार मात्र मांडू नका. सायकलवर एकूण किती वजन चालतं ते बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं, आणि त्यात तुमचं स्वतःचंही वजन धरलेलं असतं, हे लक्षात ठेवा.

नुसत्या कॅरिअरवर डबलसीट बसवणं, तेही मुलीने मला धरून ठेवलंय म्हणून, हे मनातूनच काढून टाका. दीड वर्षाचं मूल धरत नाही, आणि धरलं तरी झोप लागली की सोडतं. मग पाय लोंबतो, टाच फिरत्या तारांमध्ये जाते आणि चाक तिला फ्रेमपर्यंत ओढून नेतं. कातडी सोलवटते, कधी हाडही मोडतं. हा अपघात रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीशिवाय, अगदी रिकाम्या गल्लीतही होतो. म्हणून सीट घेताना तिचे पाय ठेवायचे पेले खोल आहेत का, पावलांवरून पट्टा येतो का, आणि बाजूने चाक झाकणारा पत्रा पुरेसा रुंद आहे का, हे हात घालून बघा. तुमच्या स्वतःच्या सीटखाली उघड्या स्प्रिंगा असतील तर त्यांच्यावर आवरण घाला. मागे बसलेल्या मुलीची बोटं नेमकी त्यांच्यात जातात, आणि तुम्ही बसलात की स्प्रिंग दाबली जाते. ओढणी, स्कार्फ, बुटाची लांब नाडी, काहीही लोंबतं ठेवायचं नाही, तुमचं आणि तिचंही.

आता सायकलवर चढणं. हे कॉलेजातल्यासारखं राहिलेलं नाही. मागे सीट आहे, म्हणजे टांग मागून टाकता येत नाही, पुढून काढावी लागते, आणि म्हणूनच दांडा खाली हवा. जमीन सपाट बघा. दोन पायांचा स्टँड लावा. आधी पिशव्या चढवा. हेल्मेट मुलीला खाली असतानाच घाला. मग ती सगळ्यात शेवटी वर, आणि उतरताना सगळ्यात आधी खाली. पट्टे लावताना तुमची कंबर सायकलला टेकलेली असू दे आणि एक हात हँडलवर किंवा मुलीवर असू दे. ‘एक मिनिट, कुलूप लावून येते’ म्हणून तिला स्टँडवरच्या सायकलवर सोडून दोन पावलंसुद्धा जाऊ नका. मुलं घेऊन सायकल पडते ती बहुधा चालताना नाही पडत, उभी असतानाच पडते. चालू सायकलला वेग सांभाळून घेतो, थांबलेली सायकल तुम्हालाच पेलावी लागते.

म्हणून मुलीला बसवायच्या आधी दहा-अकरा किलोचं काहीतरी, पुस्तकांनी भरलेली पिशवी म्हणा, सीटमध्ये पट्ट्यांनी आवळून बांधा आणि मोकळ्या जागेत चालवून बघा. निघणं, थांबणं, एका पायावर सायकल तोलून सिग्नलला उभं राहणं, मागे वळून बघणं, इंग्रजी आठच्या आकारात हळू वळणं. ब्रेक लागायला नेहमीपेक्षा लांब अंतर लागतं, ते अंगात मुरू द्या. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगातसुद्धा मेंदूने ‘थांब’ म्हणेपर्यंत सायकल चार मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक त्यानंतर. पावसात रिमवरचे ब्रेक आणखी उशिरा पकडतात. ती पिशवी एकदा-दोनदा आडवी पडली तर बिघडत नाही, उलट का पडली ते कळतं.

हे जमलं की एकच फेरी पक्की करा. मुलगी, पाळणाघर, सकाळ. दुसरं काही नको. मुलाला तोवर यजमान सोडतील, चालत किंवा गाडीने. त्यांना खर्च करायचाय ना, मग आधी थोडा वेळ खर्च करू दे. या एका फेरीत तुम्हाला कळेल की वाट बरोबर आहे का, पाठ दुखते का, मुलगी परतताना पेंगते का. पेंगते बहुतेक. सीटवर झोपलेल्या मुलाची मान पुढे किंवा बाजूला कलंडते आणि प्रत्येक खड्ड्याला हिसका बसतो. परतीची वेळ झोपेच्या वेळेआधी धरा, नाहीतर ट्रेलरचा विचार करा.

दोन मुलांसाठी ट्रेलर मला वाटतं तुम्हाला सोयीचा पडेल. पुरेसा चांगला असेल तर जोडाचा सांधा फिरता असतो, त्यामुळे सायकल आडवी झाली तरी ट्रेलर उभाच राहतो. मुलं आत झोपू शकतात, पाऊस लागत नाही, भांडूही शकतात. पण तो बुटका असतो, वाहनचालकाला पटकन दिसत नाही, म्हणून उंच काठीवरचा झेंडा आणि मागचा दिवा लागतोच. धुराच्या नळ्याही त्याच उंचीवर असतात. तुमच्या हँडलपेक्षा तो रुंद असतो हे पहिले काही दिवस आठवत नाही, आणि मग त्याचं चाक फुटपाथच्या कडेवर चढतं. शांत गल्ल्यांची वाट मिळाली तर ट्रेलर उत्तम. वाटेत बराच मोठा रस्ता असेल तर मी मुलांना वर, माझ्या जवळ बसवीन. वाटेत चढ असेल तर बॅटरीची मदत असलेली सायकल घ्यायला मुळीच संकोच करू नका. तीही पेडल मारूनच चालते. युरोपात अशा सायकलची मोटर २५० वॉटपर्यंत असते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबते. मुलं घेऊन याहून जास्त वेग तुम्हाला नकोच असतो.

आता तुमचा मुलगा. तो आवारात छान चालवतो म्हणजे त्याला जाता येतं. रस्त्यावर आणायला थांबता आलं पाहिजे. जमिनीवर खडूने रेघ मारा, वेगात येऊ द्या, आणि ‘थांब!’ म्हटल्यावर त्याचं पुढचं चाक रेघेच्या अलीकडे थांबतं का बघा. पाय घासून नाही, ब्रेक दाबून. दुसरं, चालवता चालवता मागे वळून तुमच्या हातात किती बोटं आहेत ते सांगायला सांगा. या वयात मान वळली की हँडलही वळतं, आणि सायकल रस्त्याच्या मध्ये जाते. हे सुटायला वेळ लागतो, रागावून सुटत नाही. तिसरं, ‘थांब’ हा शब्द तुमच्या दोघांत खेळातसुद्धा फुकट वापरायचा नाही. तो ऐकला की आधी थांबायचं, का ते मग विचारायचं.

हे सगळं जमलं तरी साडेचार वर्षांचं मूल वाहनांच्या रस्त्यावर स्वतंत्र चालवण्याजोगं नसतं. समोरून येणारी गाडी किती जोरात येतेय याचा अंदाज प्राथमिक शाळेतल्या मुलांनाही नीट येत नाही. ती गाडी किती मोठी दिसते यावर जातात. जर्मनीत आठ वर्षांखालच्या मुलांनी फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या सायकल-मार्गावरूनच सायकल चालवायची असा नियमच आहे, आणि बरोबरच्या मोठ्या माणसालाही फुटपाथवरून चालवायला परवानगी आहे. तुमच्याकडे काय नियम आहे ते बघून घ्या. फुटपाथवर चालवू देत असतील तर तिथे, नाहीतर अगदी निवांत गल्लीत. तुम्ही त्याच्या मागे, किंचित वाहनांच्या बाजूला. पुढे राहिलात तर तो दिसत नाही, आणि तो तुमच्या पाठीमागे आंधळेपणाने येतो. चौकात तुम्ही त्याच्या शेजारी या, वाहनांच्या बाजूने, किंवा दोघंही उतरा. फाटकांकडे लक्ष ठेवा. गाडी मागे घेत बाहेर काढणाऱ्याला काचेत साडेचार वर्षांचा मुलगा दिसत नाही, झेंडा असेल तर तेवढा दिसतो.

जाताना तो उत्साहात जाईल. खरा प्रश्न परतीचा आहे. अर्ध्या वाटेत ‘आई, पाय दुखतात’ म्हणून तो खाली बसला तर मागे मुलगी, हातात त्याची सायकल आणि रस्त्याच्या कडेला तो, अशी तुमची अवस्था होईल. म्हणून सुरुवातीला त्याने फक्त शेवटची गल्ली चालवायची. किंवा त्याच्या सायकलचं पुढचं चाक उचलून आपल्या सायकलला मागून जोडता येतं असा जोड मिळतो. तो लावला की थकल्यावर ओढून नेता येतं. बालवाडी त्याची सायकल दुपारपर्यंत ठेवून घेईल का, तेही विचारून ठेवा. आणि त्याला पुढली सायकल घ्याल तेव्हा वाढत्या अंगाची घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि ब्रेकची पट्टी त्याच्या बोटांत आली पाहिजे. मोठ्या सायकलवर तो दोन वर्षांनी छान दिसेल, पण तोवर त्याला थांबता येणार नाही.

हेल्मेटचं थोडक्यात. भुवयांच्या वर दोन बोटं जागा, पट्टे कानाखाली जुळलेले, हनुवटीखाली एकच बोट जाईल इतका आवळ. मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं, आणि मुलं आपटतात ती कपाळावर. मुलीच्या हेल्मेटची मागची बाजू चपटी हवी, नाहीतर सीटच्या पाठीला टेकून तिची मान पुढे ढकलली जाते. बागेत पोचल्यावर ते आठवणीने काढायचं. हेल्मेट घालून मूल घसरगुंडीवर किंवा शिडीवर चढलं आणि डोकं कुठल्या फटीत अडकलं, तर गळ्याखालचा पट्टा फास होतो. बऱ्याच आया सायकलवर हेल्मेटबद्दल काटेकोर असतात आणि बागेत विसरतात.

आणखी एक, सामानाइतकंच महत्त्वाचं. रोज दहा मिनिटं आधी निघा. पट्टा न लावता ‘इथेच तर जायचंय’ म्हणणं, पिवळा दिवा असताना घुसणं, बसच्या फटीतून पुढे जाणं, हे सगळं उशीर झालेलं असतानाच सुचतं. मूल आजारी असेल, पाऊस कोसळत असेल, तुमची रात्रभर झोप झालेली नसेल, तर गाडीची किल्ली उचला आणि मनाला लावून घेऊ नका. थंडीच्या दिवसांत एक लक्षात ठेवा: तुम्हाला पेडल मारून घाम येतो, मागे नुसती बसलेली मुलगी गारठते. तिला तुमच्यापेक्षा एक थर जास्त.

शेवटी, बालवाडीच्या फाटकाशी आणखी कुणी मूल सायकलवर घेऊन येतं का, ते बघा. बार्सिलोनात २०२१ मध्ये पालकांनी ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने मुलांना घोळक्याने शाळेत न्यायला सुरुवात केली, त्याला ते ‘बिसीबूस’ म्हणतात, सायकलींची बस. तुम्हाला एवढा मोठा कारभार मांडायची गरज नाही. दुसरं एक कुटुंब मिळालं तरी दोघांपैकी एक जण मुलांच्या पुढे आणि एक मागे राहू शकतो, आणि मागून येणारी गाडीही दोन सायकलींना जरा जास्त मान देते. त्यांच्याशी ओळख काढा. चांगली वाट त्यांना आधीच सापडलेली असेल, आणि मूल मोठं झाल्यामुळे पडून असलेली सीटही बहुधा त्यांच्याकडेच असेल. सीट खुशाल घ्या, प्लास्टिकला तडा नाही ना, सगळे पट्टे आणि त्यांची कुलपं नीट बसतात ना, ती तुमच्या सायकलवर घट्ट बसते ना, हे बघून. हेल्मेट मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी वापरलेलं घेऊ नका. ते आधी एकदा आपटलंय की नाही, हे बाहेरून कळत नाही.